गाऱ्हाणे आणि प्रश्न
(राजापूर मतदारसंघाच्या दोन खासदारांच्या निमित्ताने)

द्वितीय वर्ष, कला (राज्यशास्त्र)

आमच्या दक्षिण कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. जत्रा असो, नव्या घराची वास्तुशांत असो, की गावावर आलेले एखादे संकट असो, गावाच्या वतीने एक मानकरी पुढे होतो, नारळ ठेवतो आणि हात जोडून देवाला सगळ्यांची हकीकत सांगतो. कोणाची गाय हरवली आहे, कोणाच्या मुलाला नोकरी नाही, कोणाची सून आजारी आहे, पाऊस लांबला आहे. एकेक वाक्य संपले की मागे उभी असलेली सारी मंडळी एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!"

लहानपणी या प्रकाराची मला गंमत वाटे. आता राज्यशास्त्र हा विषय घेतल्यावर वाटते की 'प्रतिनिधी' या शब्दाचा अर्थ मला सातव्या-आठव्या वर्षी देवळातच कळला होता. बोलणारा एक, पण बोलणे सगळ्यांचे. मानकऱ्याने एखाद्या घराचे दुखणे सांगायचे विसरले, तर मागून कोणीतरी त्याला आठवण करून देते.

आपण लोकसभेवर खासदार पाठवतो तो याच कामासाठी, असे गावाकडे सर्वसाधारणपणे समजले जाते. दिल्लीच्या देवळात आपले गाऱ्हाणे घालणारा मानकरी म्हणजे खासदार! ही समजूत पूर्ण चुकीची नाही. परंतु पूर्ण बरोबरही नाही. लोकसभेत गाऱ्हाणे चालत नाही, तिथे प्रश्न विचारावा लागतो. या दोन गोष्टींत काय फरक आहे आणि खेड्यातल्या माणसाला तो फरक कळणे का आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार पुस्तकावरून सुचलेला नाही. त्याला आमच्या वाडीतली एक घटना कारण झाली. ती आधी सांगतो.

बोलत नसलेला मनोरा

आमची वाडी दोन डोंगरांच्या मध्ये, वहाळाच्या काठी आहे. घरे एकसष्ट. मोबाइल फोन बहुतेक घरांत आहेत, पण त्यांचा उपयोग सड्यावर गेल्यावर. मुंबईच्या चाकरमान्यांशी बोलायचे असले की लोक संध्याकाळी अर्ध्या तासाचा चढ चढून जातात. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने वाडीच्या वरच्या अंगाला मनोरा उभारला. लोकांनी नारळ फोडला. तेव्हापासून मनोरा उभा आहे, पण तो सुरू झालेला नाही.

मागच्या पावसाळ्यात रात्री आठच्या सुमारास माझ्या धाकट्या काकीला पडवीत लाकडे काढताना फुरसे चावले. चुलतभाऊ गाडी बोलावण्यासाठी भर पावसात बॅटरी घेऊन सड्यावर धावला. गाडी आली, काकी वाचली. परंतु तो खाली येईपर्यंतचा एक तास आमच्या घरातले कोणी विसरणार नाही. काकी शुद्धीवर होती आणि सारखी विचारत होती, "फोन लागला काय रे?"

त्यानंतर वाडीने अर्ज केले. ग्रामपंचायतीला केला, तहसीलदारांना केला, जिल्हा परिषदेला केला, आमदारांना केला. प्रत्येक अर्ज चार पानांचा होता आणि शेवटी 'तरी मायबाप सरकारने कृपा करावी' असे होते. काही ठिकाणांहून उत्तरे आली. सगळ्यांचा मतितार्थ एकच होता: हा विषय आमच्या अखत्यारीतील नाही.

वाडीतल्या लोकांना वाटले, ही टाळाटाळ आहे. मलाही तसेच वाटले. पुढे प्रथम वर्षाला असताना आमच्या सरांनी राज्यघटनेची सातवी अनुसूची शिकवली, आणि त्या तासाला माझ्या लक्षात आले की ती उत्तरे खरी होती. आम्हीच चुकीच्या दारी उभे होतो.

कोणता विषय कोणाच्या दारी?

सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी, जिल्ह्यातले रस्ते हे विषय राज्यसूचीत आहेत. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, दूरध्वनी व बिनतारी संदेश हे संघसूचीत. मोठी बंदरे केंद्राकडे, तर इतर बंदरे समवर्ती सूचीत. मासेमारीची गंमत अशी की ती राज्याचा विषय आहे, पण किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे, म्हणजे देशाच्या जलहद्दीबाहेर, जाळे टाकले की तो विषय केंद्राचा होतो. माशाला हे ठाऊक नसते. मालवणच्या रापणकराला मात्र ठाऊक असलेले बरे.

खेड्यातला माणूस आपले दुःख यादीप्रमाणे वाटून घेत नाही. त्याला रस्ता नाही, पाणी नाही, भाव नाही, फोन नाही, एवढेच कळते. जो मोठा पुढारी भेटेल त्याच्या कानावर तो हे सगळे घालतो. खासदार गावात आले की त्यांच्याकडे नळपाणी योजनेचा अर्ज जातो आणि आमदार आले की रेल्वेच्या थांब्याचा. दोघेही 'बघतो' म्हणतात. त्या 'बघतो'मध्ये वर्षे जातात.

म्हणून ग्रामीण खासदाराचे पहिले काम म्हणजे लोकांच्या गाऱ्हाण्यांच्या ढिगातून आपल्या सभागृहाचे कोणते ते निवडणे. दुसरे काम त्याहून अवघड आहे. निवडलेल्या गाऱ्हाण्याला सभागृहात शिरता येईल असा आकार देणे.

सभागृहातील वाटा

लोकसभेत निवडून आलेले सदस्य ५४३; त्यांतले महाराष्ट्राचे ४८. एवढ्या सदस्यांतून आपल्या तालुक्याचे नाव उच्चारले जावे यासाठी नियमांनी काही वाटा आखून दिल्या आहेत.

सर्वांत महत्त्वाची वाट म्हणजे प्रश्नोत्तराचा तास. बैठकीचा पहिला तास यासाठी असतो. किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रश्न दोन प्रकारचे: तारांकित आणि अतारांकित. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. असे प्रश्न दिवसाला वीसच घेतले जातात व त्यांचा क्रम चिठ्ठ्या काढून ठरतो. अतारांकित प्रश्न दिवसाला २३० पर्यंत असतात. त्यांची उत्तरे लेखी मिळतात.

दुसरी वाट नियम ३७७ ची. दुसऱ्या कोणत्याही नियमात न बसणारा, परंतु तातडीचा असा मतदारसंघाचा विषय या नियमाखाली मांडता येतो. मजकूर मात्र २५० शब्दांपेक्षा जास्त नसावा. शून्य प्रहर ही तिसरी वाट. ती नियमांच्या पुस्तकात नाही, प्रथेने पडली आहे. मिळालेले उत्तर अपुरे वाटले तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. शुक्रवारी बैठकीचे शेवटचे अडीच तास मंत्री नसलेल्या सदस्यांच्या कामाला राखून ठेवलेले असतात. त्यात अशा सदस्याला स्वतःचे विधेयकही मांडता येते. ही शेवटची वाट फार खडतर आहे. आजवर अशी फक्त चौदा विधेयके दोन्ही सभागृहांत संमत झाली, आणि त्यांतले शेवटचे १९७० मध्ये.

या सर्व वाटांमध्ये प्रश्नाची वाट मला सर्वांत मोलाची वाटते, आणि त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. संसदेतल्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (क) अमुक ठिकाणी अमुक गोष्ट घडली आहे, हे खरे आहे काय; (ख) असल्यास, त्याचा तपशील काय; (ग) त्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली; (घ) नसल्यास, त्याची कारणे काय?

हा साचा पाहून प्रथम हसू येते. गावाची सारी तळमळ क, ख, ग, घ मध्ये! पण नीट पाहिले तर त्यात एकही विनंती नाही. 'मायबाप' नाही, 'कृपा' नाही. 'खरे आहे काय' असे विचारल्यावर मंत्र्यांना हो किंवा नाही म्हणावे लागते. 'नसल्यास, कारणे काय' याला तर काहीतरी कारण सांगावेच लागते, आणि ते छापून कायमचे राहते. करोनामुळे सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास घेतला गेला नाही, फक्त लेखी उत्तरे देण्यात आली. तेव्हा एवढी ओरड का झाली हे यावरून समजते. ज्याच्या हातात सत्ता नाही अशा सदस्याचे ते मुख्य हत्यार आहे.

दिल्लीची भाषा

गाऱ्हाण्याला आकार मिळाला, तरी ते सांगायचे कोणत्या भाषेत? घटनेच्या १२० व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेचे कामकाज हिंदीतून किंवा इंग्रजीतून चालते. ज्या सदस्याला या दोन्ही भाषांत आपले म्हणणे पुरेसे मांडता येत नाही, त्याला मातृभाषेतून बोलण्याची परवानगी पीठासीन अधिकारी देऊ शकतात.

या तरतुदीच्या संदर्भात क्रांतिसिंह नाना पाटील यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. येडेमच्छिंद्रचा हा शेतकऱ्याचा मुलगा तलाठ्याची नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरला आणि ४२ नंतर साताऱ्याच्या प्रतिसरकारचा नायक झाला. नाना १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ज्या भाषेत त्यांनी वाळव्याच्या पारावर सभा गाजवल्या, तीच भाषा ते दिल्लीत घेऊन गेले. त्यांना कमीपणा वाटला नाही. आज सभागृहात अनेक भारतीय भाषांतून बोललेले तत्काळ भाषांतरित होऊन ऐकू येण्याची सोय आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये या यादीत आणखी सहा भाषांची भर पडली, तेव्हा मराठी आधीपासूनच तिच्यात होती. नानांच्या वेळी एवढी सोय नव्हती.

आमच्या राजापूर मतदारसंघाने १९५७ मध्येच पाठवलेला माणूस अगदी वेगळा होता. बॅरिस्टर नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. शिक्षण बेळगाव, पुणे आणि पुढे लंडनला. प्रजा समाजवादी पक्षाच्या वतीने ते १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीन वेळा निवडून आले. त्यांचे इंग्रजी वक्तृत्व ऐकण्यासाठी विरुद्ध बाकांवरचे सदस्यही सभागृहात थांबत, असे सांगितले जाते.

माझे आजोबा तेव्हा विशीत होते, परळच्या गिरणीत बदली कामगार. १९६७ च्या निवडणुकीसाठी ते मुद्दाम गावी आले होते. नाथ पैंची सभा त्यांनी उभ्याने ऐकली. आजोबांचे शिक्षण चौथीपर्यंत. मी त्यांना एकदा विचारले की बॅरिस्टर आपल्याला मालवणीत-मराठीत बोलून दाखवायचे आणि दिल्लीत मात्र इंग्रजीत बोलायचे, हे तुम्हाला खटकत नव्हते का? ते म्हणाले, "गाऱ्हाणा आपलाच. पण दिल्लीत ता दिल्लीच्या भाशेत घालूक व्हया."

नाना आणि नाथ, या दोघांत श्रेष्ठ कोण, असा प्रश्न मला विचारावासा वाटत नाही. एकाने सभागृहाला लोकांच्या भाषेपर्यंत आणले, दुसऱ्याने लोकांचे म्हणणे सभागृहाच्या भाषेत नेले. आमच्यासारख्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांना या दोन्हींची गरज आहे. पहिले विसरलो तर आपण गावाला परके होतो, दुसरे शिकलो नाही तर गावाच्या उपयोगी पडत नाही.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. खेड्यातून गेलेल्या खासदाराने फक्त खेड्यापुरते बोलावे, असा एक समज आहे. नाथ पैंनी तो खोटा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात संसदेला मूलभूत हक्कांत काटछाट करता येणार नाही असा निर्णय दिला. तेव्हा संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी विधेयक मांडले ते सरकारने नव्हे, तर राजापूरच्या या विरोधी सदस्याने. ते विधेयक संमत झाले नाही. मात्र त्याचा जो हेतू होता, तो १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने सरकारने स्वतःच साधला. ते पाहायला नाथ पै राहिले नव्हते. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

राजापूर आणि रेल्वे

आता या मतदारसंघाच्या सर्वांत मोठ्या गाऱ्हाण्याकडे वळू. ते होते रेल्वेचे.

कोकणातला तरुण मुंबईला जाणार, हे ठरलेलेच असे. जायचे कसे हा मात्र प्रश्न. एक तर बोटीने, आणि पावसाळ्यात बोटी बंद. नाहीतर एस.टी.ने घाट-वळणे घेत. आजोबा सांगतात की गणपतीला यायचे तर रजेतले दोन दिवस रस्त्यातच जात, आणि वडील वारल्याची तार मिळून ते निघाले तेव्हा गावी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. रेल्वे ही आमच्याकडे चैनीची मागणी नव्हती. बापाचे शेवटचे दर्शन व्हावे, एवढीच ती होती.

या मागणीसाठी कोकणात अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी आयुष्य वेचले. परंतु रेल्वे संघसूचीत. तेव्हा ही मागणी दिल्लीतच मांडावी लागणार. डोंगर, खाड्या, नद्या यांमुळे खर्च प्रचंड, आणि उत्पन्न काय येणार, हा नेहमीचा आक्षेप. नाथ पैंनी ही मागणी सभागृहात लावून धरली. त्यांच्या हयातीत दिवा-पनवेलच्या बाजूने रूळ आपट्यापर्यंत आले, तिथेच थांबले. तिथून राजापूर फार लांब होते.

त्यांच्यानंतर १९७१ च्या निवडणुकीत या मतदारसंघाने प्रा. मधु दंडवते यांना निवडून दिले. ते मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. म्हणजे कोकणच्या खेड्यातले नव्हेत. तरीही १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग पाच वेळा कोकणच्या खेड्यांनी त्यांना दिल्लीला पाठवले. १९८४ च्या निवडणुकीत विरोधी पक्षांचे मोठमोठे नेते पडले, तेव्हाही राजापूरने आपला खासदार बदलला नाही. यावरून एक गोष्ट दिसते. 'आपला माणूस' म्हणजे आपल्या गावचा किंवा आपल्या जातीचा माणूस, असे या लोकांनी मानले नाही. आपले गाऱ्हाणे नीट घालणारा तो आपला, असे मानले.

या वीस वर्षांपैकी दंडवते सत्तेवर होते ती वर्षे थोडी. आणीबाणीत तर ते तुरुंगात होते. मार्च १९७७ ते जुलै १९७९ ते रेल्वेमंत्री होते. तेव्हा त्यांनी प्रथम काय केले, हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या. १९७७ मध्ये हावडा-मुंबई गीतांजली एक्सप्रेस ही वर्गभेद नसलेली गाडी सुरू झाली. फळीवर पाठ टेकून रात्र काढणाऱ्या माणसाच्या प्रतिनिधीलाच अशा गोष्टी सुचतात. आपट्याहून रोह्यापर्यंतच्या टप्प्याला त्यांच्या काळात चालना मिळाली. तो १९८६ मध्ये पूर्ण झाला. संपूर्ण कोकण रेल्वे मात्र अजून कागदावरच होती.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि दंडवते अर्थमंत्री. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून एवढा खर्च निघणे शक्य नव्हते. म्हणून स्वतंत्र महामंडळ काढून, केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ या राज्यांना भागीदार करून, रोख्यांतून पैसा उभा करण्याचा मार्ग काढण्यात आला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. रोह्यापासून मंगळूरच्या अलीकडे ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदाहून अधिक बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल. या कामात अनेक कामगारांनी प्राण गमावले. रत्नागिरीला त्यांचे स्मारक आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला.

येथे कोणी विचारील, आणि आमच्या वर्गातील चर्चेत एका मित्राने विचारलेही, की मग रेल्वे आली ती प्रश्न विचारून आली की खुर्ची मिळाल्यावर आली? दोन्ही खाती योग्य माणसांकडे आली म्हणून हे झाले. नाहीतर आणखी तीस वर्षे प्रश्नच विचारत बसले असते. या आक्षेपात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. प्रश्नाने रूळ टाकले जात नाहीत. परंतु खुर्च्या अनेकांना मिळतात, आणि कोकणी माणसाची आठवण त्या खुर्चीत बसल्यावर प्रत्येकाला होतेच असे नाही. तीस वर्षे तोच विषय सभागृहात निघत राहिला, त्यामुळे त्याची आकडेवारी तयार होत गेली, आक्षेप माहीत झाले, त्यांची उत्तरे शोधली गेली. संधी आली तेव्हा वेळ घालवावा लागला नाही. प्रश्न हा बी पेरण्यासारखा आहे. पाऊस कधी पडेल ते आपल्या हातात नसते, पण बीच नसेल तर पाऊस पडून उपयोग काय?

आणि शेवटची गोष्ट. दंडवते १९९१ च्या निवडणुकीत राजापुरातून पराभूत झाले. १९९८ मध्ये गाडी धावली तेव्हा नाथ पैंना जाऊन २७ वर्षे झाली होती आणि दंडवते खासदार नव्हते. ज्यांनी विचारले त्यांच्या हाती फळ पडले नाही. ते फळ आजोबांना मिळाले. पण तोवर गिरणी १९८२ च्या संपात गेली होती आणि ते कायमचे गावी आले होते. रेल्वेत ते बसले, ते डोळे दाखवायला मुंबईला जाताना.

विकासनिधीचा मोह

अलीकडे खासदाराकडे पाहण्याची आपली नजर बदलली आहे, तिचाही विचार केला पाहिजे. डिसेंबर १९९३ मध्ये खासदारांचा स्थानिक क्षेत्र विकास निधी सुरू झाला. २०११-१२ पासून ही रक्कम वर्षाला पाच कोटी झाली. करोनाच्या काळात ती काही काळ थांबवण्यात आली होती. या निधीतून शाळाखोल्या, पाखाड्या, बसथांबे झाले, आणि ते लोकांच्या उपयोगाचे आहेत हे नाकारता येत नाही. परंतु महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. म्हणजे एकेकाच्या वाट्याला वर्षाला सुमारे ८३ लाख. एवढ्याने प्रश्न सुटायचे नाहीत. उलट लोक आता खासदाराला 'काय विचारलंत?' असे न विचारता 'काय दिलंत?' असे विचारतात. पाखाडीवर नावाची फरशी बसते. प्रश्नावर फरशी बसवता येत नाही. त्यामुळे कोणत्या कामात खासदाराचा वेळ जाईल हे उघड आहे. कोकण रेल्वे कोणत्याही विकासनिधीतून झाली नसती.

यात दोष एकट्या खासदाराचा नाही. मागे उभे राहून आठवण करून देणारी मंडळी गप्प बसली, तर मानकरी काय सांगणार?

आमच्या वाडीचा प्रश्न

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मी वाडीच्या बैठकीत म्हटले की आपण पुन्हा अर्ज करू, पण योग्य दारी आणि योग्य रीतीने. लोकांचा फारसा विश्वास नव्हता. आजोबा म्हणाले, करू दे त्याला.

जुना चार पानांचा अर्ज मी समोर घेतला आणि २५० शब्दांत बसवू लागलो. माझ्या आयुष्यातले सर्वांत कठीण लेखन ते होते. 'आम्ही गरीब डोंगराळ भागातील लोक' हे काढले. 'मायबाप' काढले. मनोरा कधी उभारला ते जुन्या अर्जातून शोधून घातले. गट क्रमांक तलाठ्यांकडून घेतला. घरे एकसष्ट, शाळेत जाणारी मुले किती, सत्तरीच्या पुढची माणसे किती, हे घरोघर फिरून मोजले. काकीच्या त्या रात्रीबद्दल जुन्या अर्जात पाऊण पान होते. ते काढताना हात अडखळला. शेवटी एकच वाक्य ठेवले: दिनांक, वेळ, घटना आणि फोन लावण्यासाठी चढावे लागलेले अंतर. ते वाक्य वाचून चुलतभाऊ म्हणाला, "एवढाच?" मी त्याला म्हटले की तारीख आणि वेळ असली की ती नाकारता येत नाही.

शेवटी साच्याप्रमाणे चार ओळी लिहिल्या. सदर मनोरा अद्याप सुरू झालेला नाही, हे खरे आहे काय. असल्यास, त्याचा तपशील काय. तो सुरू करण्यासाठी कोणती कार्यवाही केली. नसल्यास, त्याची कारणे काय?

मी ते आजोबांना वाचून दाखवले. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "ह्या बरा आसा. देव काय कारणा सांगणा नाय."

गाऱ्हाणे आणि प्रश्न यांतला जो फरक मी इतकी पाने सांगत आहे, तो त्यांनी एका वाक्यात सांगितला. देवाकडे आपण कृपा मागतो, तो देईल तर देईल. शासनाकडे आपण कारण मागतो, आणि ते देणे शासनाला भाग आहे. मतदाराने 'व्हय म्हाराजा' म्हणून थांबायचे नसते.

त्या अर्जाखाली एकसष्ट घरांपैकी अठ्ठावन्न घरांच्या सह्या व अंगठे झाले. मी आणि चुलतभाऊ तो खासदारांच्या कार्यालयात देऊन आलो. पोच मिळाली आहे. प्रश्न सभागृहात कधी येईल, येईल की नाही, चिठ्ठी निघेल की नाही, ते आज सांगता येत नाही. मनोरा अजून तसाच आहे. पोचेची झेरॉक्स मात्र आजोबांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे. पुढच्या अधिवेशनात काही झाले नाही तर तारीख बदलून तोच प्रश्न पुन्हा पाठवायचा, असे आम्ही ठरवले आहे.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे बरेच जण वाड्यावस्त्यांवरून येतात. प्रत्येकाच्या गावी एखादा मुका मनोरा, अर्धवट पूल किंवा बंद पडलेले टपालघर असेल. त्यांना माझी विनंती एवढीच की सुट्टीत गावी गेल्यावर तो जुना अर्ज मागून घ्यावा. तो कोणत्या सूचीतला विषय आहे हे पाहावे, आणि त्याचे २५० शब्द करावेत. पदवी मिळाल्यावर काय करायचे ते पुढे पाहू. हे काम दुसऱ्या वर्षालाही करता येते.